शंभर टक्क्यांचा भ्रम

आहारातली जीवनसत्त्वं आणि खनिजं यांच्याबद्दल सुशिक्षित घरांत आज जे मत जवळपास सर्वमान्य झालं आहे, ते असं मांडता येईल. सरकारी संस्थेनं ठरवून दिलेलं रोजचं प्रमाण, ज्याला आता सगळेच आरडीए म्हणतात, ही किमान पातळी आहे. तिच्याखाली गेलात की कमतरता आलीच. रोजच्या पोळीभाजीतून ती गाठली जात नाही, कारण हल्लीच्या भाजीत पूर्वीचं सत्त्व उरलेलं नाही. तेव्हा वरून एक गोळी घ्यावी. ती जरा जास्त झाली तरी बिघडत नाही. नको तेवढं लघवीवाटे निघून जातं. आणि कमाल मर्यादा म्हणून जो आकडा सांगतात तो शास्त्रज्ञांचा अतिसावधपणा. डॉक्टर स्वतःच त्याच्या कितीतरी पट डोस लिहून देतात की!

हा पूर्वपक्ष अडाण्यांचा नाही, म्हणून तो नीट ऐकून घेतला पाहिजे. त्याच्या बाजूनं दोनदा नोबेल मिळालेले लायनस पॉलिंग उभे आहेत. १९७० मध्ये त्यांनी क जीवनसत्त्व आणि सर्दी यांवर पुस्तक लिहिलं आणि ग्रॅमच्या हिशेबातले डोस घरोघरी पोहोचवले. आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे आकडेही वरवर पाहता त्याच बाजूला झुकतात. २०१० मध्ये प्रौढांना क जीवनसत्त्व ४० मिलीग्रॅम पुरे होतं, २०२० मध्ये पुरुषांसाठी तेच ८० झालं. कॅल्शियम ६०० वरून १००० वर गेलं. दहा वर्षांत दुप्पट होणारा आकडा आधी कमीच धरला असणार, हा तर्क कुणालाही सुचेल. शिवाय राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. एवढं समोर असताना ‘कमतरता कुठं आहे?’ असं विचारणं म्हणजे झोपेचं सोंग.

कमतरता आहे, हे मला मान्य आहे. आरडीएच्या पट्टीनं ती मोजता येते, हे मान्य नाही. सगळा घोळ त्या पट्टीपाशी आहे, आणि तो सुटला की पूर्वपक्षाचे बाकीचे मुद्दे एकेक करून गळून पडतात.

आरडीए आला तो युद्धाच्या तयारीतून. १९४१ च्या मे महिन्यात, अमेरिका महायुद्धात उतरायची होती तेव्हा, वॉशिंग्टनमध्ये भरलेल्या पोषण परिषदेत लिडिया रॉबर्ट्स यांच्या समितीनं हे आकडे पहिल्यांदा पुढं ठेवले. सैन्याला आणि नागरिकांना किती अन्न पुरवावं लागेल, याचा अंदाज बांधायचा होता. पुरवठ्याचा अंदाज बांधताना हात सैल ठेवतात, तसा तो ठेवला. आपल्याकडे अशा शिफारशी पहिल्यांदा १९४४ मध्ये झाल्या. तेव्हापासून व्याख्या पक्की होत गेली, पण तो सैल हात आकड्यात तसाच राहिला, आणि तो मुद्दामच ठेवलेला आहे.

व्याख्या अशी. एका वयोगटातल्या निरोगी माणसांची गरज सारखी नसते. त्या गरजांचा मध्य काढला की ‘सरासरी गरज’ मिळते; निम्म्यांना तेवढं पुरतं, निम्म्यांना पुरत नाही. मग त्या मध्याच्या वर साधारण दोन प्रमाण विचलनं चढवायची. तिथं जो आकडा येतो तो आरडीए. तो शंभरातल्या सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव जणांची गरज भागवतो, म्हणजे त्यांतल्या बहुतेकांना लागतं त्याहून तो जास्तच असतो. पंगतीत सगळ्यांत दांडग्या जेवणाऱ्याच्या हिशेबानं प्रत्येकाचं पान वाढावं, तसा हा प्रकार आहे. त्या पानावर दोन घास उरले म्हणजे माणूस उपाशी उठला, असं कुणी म्हणत नाही. पोषणाच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच म्हणतो.

नुसत्या व्याख्येनं पटत नसेल तर लोहाचा हिशेब उघडून पाहू. पुरुषाच्या शरीरातून रोज वजनाच्या दर किलोमागे सुमारे १४ मायक्रोग्रॅम लोह झडतं: आतड्याच्या पेशी, त्वचा, घाम यांतून. पोषण संस्थेचा संदर्भपुरुष ६५ किलोचा. ६५ गुणिले १४ म्हणजे ९१० मायक्रोग्रॅम, एक मिलीग्रॅमही नाही. एवढं भरून काढायचं. पण आपल्या डाळ-भात-भाकरीतलं लोह फारच थोडं अंगी लागतं. धान्याच्या कोंड्यातली फायटेटं आणि जेवणावर घेतलेल्या चहातली टॅनिनं ते अडवून धरतात. संस्थेनं ८ टक्के शोषण धरलं. ०.९१ भागिले ०.०८ म्हणजे ११.४. पुरुषाची सरासरी गरज ११ मिलीग्रॅम छापली आहे ती अशी आली. तिच्यावर फरकाची रास चढवून आरडीए १९. आता यातला एकच आकडा हलवून पाहा. ८ टक्क्यांऐवजी ५ टक्के शोषण धरा, जसं २०१० च्या अहवालात पुरुषांसाठी धरलं होतं, की सरासरी गरजच ११ वरून १८ वर जाते. माणूस तोच, त्याचं रक्त तेच, ताटातली भाकरी तीच. बदललं ते एक गृहीतक. ‘दहा वर्षांत आकडा वाढला म्हणजे आधी आपण उपाशी होतो’ हा तर्क इथंच लंगडा पडतो. आकडे खालीही येतात: गरोदर स्त्रीचं लोहाचं आरडीए २०१० मध्ये ३५ मिलीग्रॅम होतं, २०२० मध्ये २७ झालं. ते खाली आलं तेव्हा गोळीच्या कुठल्या जाहिरातीनं त्याचा गाजावाजा केला नाही.

या २७ पाशी जरा थांबावं लागेल, कारण सगळ्या वादाचा निकाल मला तिथं दिसतो. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचं लोहाचं आरडीए २०२० च्या तक्त्यात २९ आहे आणि गरोदर स्त्रीचं २७. कमी! गर्भ वाढतो आहे, वार वाढते आहे, रक्ताचं आकारमान वाढतं आहे, आणि शिफारस मात्र दोन मिलीग्रॅमनं उतरली. आरडीए म्हणजे गरज असं मानणाऱ्याला हा तक्ता छापखान्याची चूक वाटेल. शेजारचा सरासरी गरजेचा रकाना पाहिला की उलगडा होतो. तिथं गरोदर नसलेल्या स्त्रीला १५ आणि गरोदर स्त्रीला २१ लिहिलं आहे. गरज खरोखरच वाढली आहे. मग आरडीए का उतरलं? पाळीच्या रक्तस्रावामुळं. बहुतेक स्त्रियांचा स्राव बेताचा असतो, पण थोड्या स्त्रियांचा फार मोठा असतो, आणि त्या थोड्या जणींनाही पुरावं म्हणून १५ च्या गरजेवर जवळपास तेवढीच दुसरी रास रचून २९ चा आकडा उभा केला जातो. गरोदरपणात पाळी नाही, म्हणून स्त्री-स्त्रीतला तो फरकही उरत नाही. रास छोटी होते. म्हणजे २९ मध्ये निम्मा भाग गरजेचा आणि निम्मा ‘कुणाची गरज किती, हे आपल्याला ठाऊक नाही’ याचा. अज्ञानाची भरपाई म्हणून जोडलेला तो भाग ताटात भरला नाही म्हणजे कमतरता आली असं समजून औषधाचं दुकान गाठणं, याला काय म्हणावं?

तरी लोक तेच करतात, आणि आहारतज्ज्ञ म्हणवणाऱ्यांतलेही काही जण तेच शिकवतात. वसतिगृहातल्या शंभर मुलींचा आहार मोजायचा, आरडीएच्या खाली किती आहेत ते पाहायचं, आणि ‘९० टक्के मुलींमध्ये लोहाची कमतरता’ असा मथळा द्यायचा. गटाचा आहार असा मोजायचा नसतो, हे जॉर्ज बीटन यांच्यासारख्या पोषणशास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धातच दाखवून दिलं. गटासाठी पट्टी सरासरी गरजेची. लोहाच्या बाबतीत, स्त्रियांच्या गरजांचा आलेख एका बाजूला लांबलेला असल्यानं, तीही सरळ लावता येत नाही. प्रत्येक पातळीला अपुरेपणाची शक्यता किती, हे काढून बेरीज करावी लागते. किचकट काम आहे. आरडीएची रेघ मारणं सोपं, म्हणून ती मारली जाते.

हीच रेघ रक्ताच्या रिपोर्टवर उमटली की तिला आणखी वजन येतं. ड जीवनसत्त्वाचं उदाहरण घ्या. रक्तात दर मिलीलिटरला २० नॅनोग्रॅम ही पातळी आरडीएशी जुळणारी, म्हणजे जवळजवळ सगळ्यांना पुरून उरणारी. सरासरी गरजेशी जुळणारी पातळी १६ ची. २०१६ मध्ये जोअ‍ॅन मॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये सरळ विचारलं की ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेची ही साथ खरंच आहे, की २० च्या खालच्या प्रत्येकाला रोगी ठरवल्यानं ती दिसते आहे? आपल्या लॅबा तर त्याहून पुढं गेल्या. ३० च्या खाली लाल अक्षरं. हे ३० आलं अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीच्या २०११ च्या मार्गदर्शक तत्त्वांतून, आणि त्याच सोसायटीनं २०२४ मध्ये तो आग्रह सोडला, निरोगी माणसांच्या सरसकट तपासणीलाही नको म्हटलं. आपल्याकडच्या कित्येक रिपोर्टांवर लाल अक्षरं आहेत तशीच आहेत. दरम्यान अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ चाचणीत २५,८७१ माणसांपैकी निम्म्यांना रोज २००० युनिट ड जीवनसत्त्व पाच वर्षांच्या आसपास देऊन पाहिलं होतं. कर्करोग घटला नाही, हृदयविकार घटला नाही, २०२२ मध्ये हाडांचा हिशेब आला तेव्हा फ्रॅक्चरही घटलेली दिसली नाहीत.

पूर्वपक्ष इथं पवित्रा बदलतो. ‘आरडीए जेमतेम रोग टाळण्यापुरतं असतं, ठणठणीत राहायला त्याच्या पुढं जावं लागतं,’ असं म्हणतो. हा दावा तपासायला शेफील्डला जायला हवं. दुसऱ्या महायुद्धात लढायला नकार दिलेल्या काही तरुणांनी तिथं हान्स क्रेब्ज आणि केनेथ मेलनबी यांच्या प्रयोगांसाठी स्वतःला स्वाधीन केलं होतं. क जीवनसत्त्वाच्या प्रयोगात वीस जण होते. काहींना महिनोन्‌महिने ते जीवनसत्त्व अजिबात दिलं नाही. हिरड्या सुजल्या, केसांच्या मुळाशी रक्ताचे ठिपके उठले, स्कर्व्हीची लक्षणं दिसू लागली. काहींना रोज १० मिलीग्रॅम मिळत होतं. त्यांना स्कर्व्ही झाली नाही, आणि ज्यांना झाली होती तेही तेवढ्या मात्रेवर बरे झाले. रोग टाळायला १०. आपलं आरडीए पुरुषाला ८०, स्त्रीला ६५. आठपट आणि साडेसहापट. ‘जेमतेम’ म्हणजे किती, हे आता पूर्वपक्षानंच सांगावं. या ८० च्या पुढं गेल्यावर काय होतं तेही मोजलेलं आहे. १९९६ मध्ये मार्क लेव्हिन यांनी सात निरोगी माणसांवर काटेकोर मोजमाप केलं: रोज १०० मिलीग्रॅमच्या आसपास पांढऱ्या पेशी क जीवनसत्त्वानं भरून जातात, पुढं त्या जास्त घेतच नाहीत. ५०० च्या वरच्या डोसातलं बरंचसं आतडं शोषून घेत नाही आणि जे शोषलं जातं ते मूत्रपिंड बाहेर टाकतं. एवढ्यापुरतं ‘लघवीतून जातं’ हे खरं, पण मग ते विकत कशाला घ्यायचं, हा प्रश्न उरतोच.

भाजीत सत्त्व उरलं नाही, या तक्रारीला फार वेळ द्यायची गरज नाही. पुरावा म्हणून हमखास पुढं येतो तो आवळा: जुन्या पुस्तकांत १०० ग्रॅमला क जीवनसत्त्व ६०० मिलीग्रॅम, २०१७ च्या भारतीय अन्नघटक तक्त्यांत अडीचशेच्या आसपास. दोन्ही वेळी मोजायची पद्धत वेगळी आणि नमुने वेगळे. या फरकातून मातीचा ऱ्हास वाचता येत नाही. आणि वादापुरतं धरूनच चाललं की निम्मं सत्त्व गेलं, तरी एक आवळा ८० चा आकडा आरामात ओलांडतो. पेरूत १०० ग्रॅमला दोनशेच्या वर आहे. अर्धा पेरू खाल्लात तरी दिवसाचं काम झालं.

आता ‘जास्त झालं तर बिघडत नाही’ हा मुद्दा. इथं माझा सूर चढणार आहे, कारण इथं नुसते पैसे वाया जात नाहीत.

ब-६ हे पाण्यात विरघळणारं जीवनसत्त्व, म्हणजे लोकमतानुसार संपूर्ण निर्धोक. १९८३ मध्ये सात माणसांची हकिगत प्रसिद्ध झाली. त्यांनी महिनोन्‌महिने रोज दोन ते सहा ग्रॅम ब-६ घेतलं होतं. पायांची जाणीव गेली, चालताना तोल जाऊ लागला, हातांना नाजूक काम जमेना. संवेदी मज्जातंतू खराब झाले होते. लक्षात घ्या, हातापायाला मुंग्या येतात म्हणून जी गोळी लोक आपल्या मनानं चालू ठेवतात, तिच्यातला हा घटक. मात्रा वाढली की तोच मुंग्या आणतो. अमेरिकेनं त्याची कमाल मर्यादा १०० मिलीग्रॅम ठेवली आहे, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये ती १२ वर आणली.

कमाल मर्यादा हवेतून येत नाही, हे दाखवायला जस्तासारखं दुसरं उदाहरण नाही. रोज ५० मिलीग्रॅम जस्ताची गोळी घेणाऱ्यांच्या रक्तातलं तांब्यावर चालणारं एक विकर मंदावलं, असं अभ्यासात दिसलं. गोळीतले ५० आणि जेवणातले साधारण १० मिळून ६०. नुकसान दिसलेली ही सर्वांत कमी मात्रा; माणसा-माणसांतला फरक ध्यानात घेऊन तिला दीडनं भागलं, ४० आले. ही झाली जस्ताची कमाल मर्यादा, आणि आपल्या पोषण संस्थेनं २०२० मध्ये हाच आकडा छापला. आता कोविडची वर्षं आठवा. घरोघरी जी पाकिटं फिरत होती त्यांत क जीवनसत्त्व ५००, ड जीवनसत्त्व साठ हजार युनिटचं आठवड्याला, आणि जस्त ५० मिलीग्रॅम. ज्या मात्रेवर तांब्याचं गणित बिघडलेलं दिसलं होतं, नेमकी तीच. अमेरिकेत २१४ रुग्णांवर ५० मिलीग्रॅम जस्त आणि आठ ग्रॅम क जीवनसत्त्व, स्वतंत्रपणे आणि एकत्र, देऊन पाहिलं. लक्षणं लवकर ओसरली नाहीत. ते निष्कर्ष २०२१ च्या फेब्रुवारीत आले. आपल्याकडे दुसरी लाट त्यानंतरची, आणि पाकिटं त्यानंतरही फिरत राहिली.

साठ हजारांचाही भागाकार करून ठेवू: भागिले सात, रोजचे सुमारे ८,५७०. कमाल मर्यादा ४,०००. आठ आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली, खरी कमतरता भरून काढायला हे चालतं. पण चिठ्ठी हरवते, गोळी चालू राहते, ‘हाडांसाठी चांगली असते’ म्हणून सासूची सुनेला आणि सुनेची शेजारणीला जाते. ड जीवनसत्त्व चरबीत साठतं. फार साठलं की रक्तातलं कॅल्शियम चढतं, तहान, मळमळ, मग मूत्रपिंडावर संक्रांत. कॅल्शियमच्या गोळ्याही त्याच घरात असतात. अमेरिकेत ३६ हजारांवर स्त्रियांच्या चाचणीत कॅल्शियम आणि ड एकत्र घेणाऱ्यांना मुतखडे १७ टक्क्यांनी जास्त झाले.

कमाल मर्यादा नसणं म्हणजे अभय, असंही कुणी समजू नये. बीटा-कॅरोटीनला अशी मर्यादा ठरवलेली नाही. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत ज्यांना रोज २० मिलीग्रॅम बीटा-कॅरोटीन मिळालं, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. गाजरानं असं कधी झालेलं नाही.

मात्र कमाल मर्यादेचा बागुलबुवा करणाऱ्यांचंही इथंच खंडन करायला हवं, कारण चूक तीच आहे, फक्त उलट्या टोकाची. लोहाची कमाल मर्यादा ४५ मिलीग्रॅम आणि सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला मिळणाऱ्या लाल गोळीत लोह ६०. हे वाचून गोळी फेकून देणाऱ्या सुशिक्षित बायका आहेत. पण ४५ आला कुठून? साठची गोळी आणि जेवणातलं लोह मिळून ७० च्या आसपास घेतलं तेव्हा मळमळ, बद्धकोष्ठता, पोटदुखी दिसली. त्याला दीडनं भागून हा आकडा केला. ती पोटाच्या कुरकुरीची मर्यादा आहे, विषबाधेची नाही. शिवाय ती निरोगी माणसानं आपल्या मनानं रोज घ्यायच्या प्रमाणाची आहे. जिला रक्तक्षय आहे, किंवा जी गरोदर आहे आणि तपासणीत आहे, तिला ती लागूच होत नाही. मॅग्नेशियमचं तर आणखी मजेशीर आहे. अमेरिकेच्या तक्त्यात प्रौढ पुरुषाचं आरडीए ४०० किंवा त्याहून जास्त आणि कमाल मर्यादा ३५०. गरजेपेक्षा मर्यादा खाली! कारण ती मर्यादा फक्त गोळ्यांतून येणाऱ्या मॅग्नेशियमला आहे, ज्यानं जुलाब होतात; डाळीतलं आणि दाण्यातलं तिच्यात धरलेलं नाही. अ जीवनसत्त्वाची ३,००० मायक्रोग्रॅमची मर्यादाही तयार रेटिनॉलची, पालेभाजीची नव्हे. प्रत्येक आकड्यामागं एक विशिष्ट इजा, एक विशिष्ट रूप आणि एक विशिष्ट माणूस आहे. तो पुसून टाकून नुसता आकडा हातात घेतला की एक बाई गरजेची गोळी फेकते आणि दुसरी नको ती गिळते.

कमतरता मला मान्य आहे असं वर म्हटलं, ते तोंडदेखलं नव्हतं. पण खरी कमतरता कुठं असते, तर जिथं शोधली तिथं, आणि बहुधा बाटलीवरच्या तक्त्याला न विचारता. याचा उत्तम नमुना पुण्याजवळच्या सहा गावांत आहे. केईएम रुग्णालयाच्या चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकात तिथल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. दोन-तृतीयांश मातांमध्ये ब-१२ कमी होतं. आणि फोलेट? एकीच्या लाल पेशींत कमी निघालं, फक्त एकीच्या. म्हणजे ज्या घटकाची गोळी सगळ्यांना दिली जाते त्याची ददात नव्हती, आणि ज्याची होती त्याचं त्या काळी कुणी नाव घेत नव्हतं. पुढं ती मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा, ज्या आयांमध्ये फोलेट भरपूर आणि ब-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये इन्सुलिनला सर्वांत जास्त अवरोध आढळला. यावरून फोलिक अ‍ॅसिड बंद करा असं मुळीच म्हणता येत नाही. गर्भधारणेच्या आधी आणि सुरुवातीच्या आठवड्यांत ते घेतल्यानं बाळाच्या मज्जारज्जूतले दोष टळतात, हे पक्कं ठरलेलं आहे. पण दोन घटकांचा तोल बिघडतो तेव्हा एकेकट्या रकान्यात ‘१०० टक्के’ लिहून काही कळत नाही. फोलिक अ‍ॅसिडची १,००० मायक्रोग्रॅमची कमाल मर्यादाही ब-१२ च्या भीतीनंच आली आहे: फोलिक अ‍ॅसिडनं रक्तक्षय सुधारतो, ब-१२ ची कमतरता झाकली जाते, आणि मज्जातंतूंचं नुकसान मुकाट चालू राहतं. शुद्ध शाकाहारी घरांत दूधही बेताचंच असेल तर ब-१२ तपासून घ्यावं, पाळीला फार रक्त जात असेल तर हिमोग्लोबिनबरोबर लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिनही पाहावं. हे सांगायला मला आरडीए लागत नाही.

मग हे आकडे कशासाठी? ज्या कामासाठी जन्मले त्या कामासाठी: पुरवठ्याचं नियोजन. आणि तिथं आज एक बेरीज अडून बसली आहे. २०२१ च्या स्वातंत्र्यदिनी घोषणा झाल्यापासून सरकारी योजनांतून लोहयुक्त तांदूळ येऊ लागला. किलोला २८ ते ४२.५ मिलीग्रॅम लोह. दिवसाला ३०० ग्रॅम तांदूळ धरला तर साडेआठ ते पावणेतेरा मिलीग्रॅम. लोह-आयोडीनयुक्त मीठ जिथं दिलं जातं तिथं ग्रॅमला ०.८५ ते १.१, आठ ग्रॅम मिठाचे सात ते नऊ. मूळच्या जेवणाचे १५ धरू. मुलगी शाळकरी असेल तर आठवड्याची निळी गोळी ६० ची, रोजची सरासरी साडेआठ. एकूण ३९ ते ४५. म्हणजे कमाल मर्यादेच्या उंबरठ्यावर, आणि यातली कुठलीही योजना एकटी पाहिली तर आरडीएच्या आतच आहे. बंगळुरूच्या सेंट जॉन्स महाविद्यालयातले अनुरा कुर्पाड आणि त्यांचे सहकारी २०२१ मध्ये नेमकं हेच म्हणत होते: एकावर एक थर चढवताना बेरीज करा. त्या मुलीला रक्तक्षय असेल तर ४५ नं काही अडणार नाही, तिला कदाचित ते हवंही असेल. पण रेशनचा तांदूळ घरात एकाच पातेल्यात शिजतो. तिच्या बापाची सरासरी गरज ११ मिलीग्रॅम आहे, त्याला निळी गोळी नसली तरी ३० च्या वर लोह पोहोचतं आहे, आणि जादा लोह बाहेर टाकायची सोय माणसाच्या शरीरात नाही. त्याचं आरडीए १९ आहे, म्हणून त्याला तांदूळ ‘कमी पडणारं लोह’ भरून देतो, असं योजनेच्या कागदावर म्हणता येईल. ते म्हणण्याआधी निदान एका तालुक्यातल्या बाप्यांचं फेरिटिन मोजावं.